सरजाबाईचं वाँडरिंग

सदर इसम नामे सरजाबाई सिताराम, स्त्री, विधवा, वय अंदाजे त्र्याहत्तर, मूळ राहणार राणीसावरगाव, हल्ली मुक्काम मुलाकडे गंगाखेड. लक्षण : वाँडरिंग. हेतू : आढळून येत नाही. गंतव्य स्थान : सांगता येत नाही.

डॉक्टरच्या कागदावर यातला एकच शब्द होता. बाकीची भर मुलाची. नागेश कचेरीत लिपिक आहे; एका शब्दावर त्याचं भागत नाही. ‘घरातून निघून जातात का?’ हे डॉक्टरनं विचारलं तेही नागेशलाच. सरजाबाई शेजारच्या स्टुलावर होती, पण तिला फक्त जीभ दाखवायला सांगितली. घरी येऊन नागेशनं मोबाईलवर अर्थ काढले : भटकणे, निरुद्देश फिरणे, वाट चुकणे, बोलताना भरकटणे. हा शब्द नदीलाही चालतो असं तिथं होतं, म्हणजे वळणं घेत वाहणे. नदीला कुलूप लागत नाही, म्हणून तो अर्थ त्यानं सोडला. संध्याकाळी व्हरांड्याच्या जाळीला कुलूप लागलं.

सरजाबाई निघून जायची हे खरंच. राणीसावरगावात बौद्धवाड्यात कुणी गेलं, की त्रिसरण-पंचशील आणि अनित्यतेची गाथा म्हणायला तिलाच बोलावणं यायचं. पांढरं पातळ नेसायचं, सुनेला सांगायचं आणि बस धरायची. दोनदा नागेश शोधायला गेला आणि दोन्हीदा ती सापडली, जिथं जाते म्हणून सांगून गेली होती तिथंच.

आता राणीसावरगावातली चांगुणाबाई गेली होती. रोजगार हमीच्या कामावर दोघींनी जोडीनं टोपल्या उचललेल्या. तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी आज दुपारी तिथंच होता.

“माय, डॉक्टरनं लिहून दिलंय,” नागेश सकाळी म्हणाला.

“डॉक्टरला इचारलास का, चांगुणा माझी कोण लागती?”

“अन् वाट चुकलीस तर?”

“वाट? तुला पाठीला बांधून त्या वाटेवर खडी टाकलीय म्या!” सरजाबाईचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. “तुझा सायेब हिंडला की दौरा. तू सकाळी पोट हलवीत फिरतूस तो वॉक. भंतेजी गावोगाव निघाले की चारिका, तवा हात जोडतूस. अन् मी निघाले की विंग्रजीत रोग?”

नागेशनं जाळीचं कुलूप ओढून बघितलं आणि किल्ली काढली. ती खिशात घालून तो कचेरीत गेला. सून धम्मशीला भाजीची पिशवी घेऊन दाराशी आली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिचं कसलंच निदान झालेलं नव्हतं, तरी कुलूप तिलाही लागलं होतं.

“आत्याबाई, आता वं?”

“आता काय? चांगुणाचा विधी हितूनच करते.”

सरजाबाई पांढरं नेसून जाळीशी बसली, मेणबत्ती लावली आणि खड्या आवाजात गाथा सुरू केली. रागानं म्हटलेली अनित्यता फार लांब ऐकू जाते. गंगाखेडच्या त्या वस्तीत ही गाथा कानावर आली, की माणूस आधी चपला काढून उभा राहतो. कोण गेलं ते नंतर विचारतो. बघता बघता चपलांचा ढीग झाला. कुणीतरी फोनवरच्या ग्रुपवर टाकलं, ‘नागेशरावांच्या घरी दुःखद घटना’. कचेरीत साहेबांनी स्वतः उठून नागेशचा हात हातात घेतला. घरी नक्की कोण गेलं, हे नागेशला साहेबांनाच विचारावं लागलं. साहेबांना माहीत नव्हतं. नागेशनं गाडीला किक मारली.

तो आला तेव्हा गाथा संपत होती. समोरच्या घरातले दत्तराव मान खाली घालून जाळीशी वाकले होते.

“सरजाबाई, कोण गेलं वं?”

“आमच्या घरचं आजून कोणी न्हाई. पर हे कुलूप उगडलं न्हाई तर सांगता येत न्हाई.”

सगळ्या माना वर झाल्या आणि नागेशकडं वळल्या.

“नागेशराव, जित्या माणसाला कोंडायलाव व्हय?” दत्तरावांनी विचारलं. “अन् आमी हितं दुखवट्याला!”

नागेशनं किल्ली काढली. कुलूप उघडलं.

“चल माय, गाडीवर सोडतो.”

“तू कचेरीत जा. मला बस हाय.”

धम्मशीलानं भाजीची पिशवी जाळीच्या कडीला अडकवली आणि सासूच्या मागं चपला शोधायला लागली.

चांगुणाबाईचा विधी ठरल्या वेळी सुरू झाला. गाथा सरजाबाईनं म्हटल्या.