कानपिळीचा मान

आमच्या शेजारच्या बनुकाकूला खोटं बोलता येत न्हाई, हीच तिची मोठी खोड. पोरगा कल्याण टेम्पोत कांद्याच्या गोण्यांखाली गांजा नेताना धरला गेला, दहा वर्षांची शिक्षा लागली. दुसरी आई असती तर म्हनली असती, माझ्या लेकराला गुतवलं. ही पारनेरच्या बाजारात भाजी इकते, अन् कुनी इचारलं की तोंडावर सांगते, "केलंय त्यानं. न्हाई कशाला म्हनू?" आता अशा बाईची कीव तरी कशी करावी मानसानं?

मला तर करायचीच नव्हती. माझा धाकटा भाऊ रविराज त्याच गांज्यापायी वाया गेला. हिरीवरची मोटार इकली त्यानं, आईवर हात टाकला. आता दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसतो. कल्याण अन् मी एका ताटात जेवलेलो, पन त्याचं नाव काढलं की माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

मागल्या उन्हाळ्यात काकू आमच्याकडं टीव्हीवर पिच्चर बघायला बसली. जेलचा पिच्चर. शिक्षा झालेला एक गडी, त्याला कोंडलं, मारलं, आईची चिठ्ठी बी देईनात. मी ढसाढसा रडलो, माझी बायको पूजा बी रडली. काकूनं इचारलं, "ह्यानं केलं काय हुतं?"

"चोरून गांजा नेला हुता, काकू."

"मंग आमच्या कल्याणवानीच की," म्हनली अन् पदर झटकून उठली.

"अगं, पिच्चर हाय तो!" मी मागनं वरडलो. लाज वाटली हुती, ती रागानं झाकली.

पंधरा दिवसांनी हवालदार आला. कल्याणची बहीण निकिता, तिचं लग्न ठरलेलं. त्यासाठी त्यानं पॅरोल मागितला हुता. शेजाऱ्याचा जबाब पायजे. माझ्या डोळ्यापुढं रविराज आला. म्हनलं, "लिवा, हरकत हाय." सही ठोकली. अर्ज नामंजूर झाला. हवालदारानं काकूला कागद वाचून दाखवला, माझ्या नावासकट. दुसऱ्या दिशी ती रोजच्यावानी भाजी घेऊन बाजारात गेली.

लग्नात कानपिळीची येळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, आमच्या बहिणीला नीट सांभाळ म्हनून, अन् नवरदेवानं त्याला टॉवेल-टोपी द्यायची. भटजी वरडले, "नवरीचा भाऊ कोन?" चुलत्याची पोरं पुढं सरकली. काकूनं त्यांना हातानं थांबवलं.

"गोरक्षा, ये. लहानपनापासनं राखी बांधती ती तुला."

गेलो. काय करता? कान धरला, तर बोटांत जोरच न्हाई. नवरदेव हसला. निकिता न्हाई हसली.

टॉवेल-टोपी घेऊन खाली उतरलो, तर काकू समोर उभी.

"ही टॉवेल-टोपी कल्याणची हाय. मुलाखतीला माझ्यासंगं जेलात चल. हरकत का घेतली, ते तूच सांग त्याला. मला न्हाई सांगता येनार. मला तुझं बी खरंच वाटतंय रं."

शुक्रवारी मुलाखत हाय. टोपीची घडी मी अजून मोडली न्हाई. कल्याणपुढं तोंड उघडंल का माझं, देव जाने.