स्वतःला खाणारं एन्झाइम आणि सासूबाईंची बादली

सून काय करते असं भुईगावात कुणी विचारलं, की माझ्या सासूबाई सांगतात, "मुंबईत किडे पाळते." पहिली काही वर्षं मी हे खोडून काढायचा प्रयत्न केला. एन्झाइम म्हणजे किडा नव्हे, ते एक प्रथिन असतं, त्याला जीव नसतो, असं मी केळीच्या बागेत उभी राहून हातवारे करून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जीव नाय, मग खातं कसं?" याचं धड उत्तर मला देता येईना, म्हणून मी चिडले. अडचणीत आलं की चिडायचं, हा माझा जुना उपाय आहे.

माझं एन्झाइम कपड्यांवरचे डाग खातं. हे कळल्यावर सासूबाईंनी माझ्या नवऱ्याचा बागेतला सदरा माझ्यापुढे टाकला. केळीच्या चिकाचे डाग अंगावर घेऊन तो सदरा आमच्या लग्नाच्या आधीपासून नांदत होता. "हे काढून दाव, मग मानते." मी म्हटलं, आई, आमचं एन्झाइम फक्त प्रथिनाचे डाग कापतं, म्हणजे दूध, अंडं, रक्त. केळीच्या डागाचा आकार त्याच्या खोबणीत बसतच नाही. त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे हापिसातला कारकून. आपल्या टेबलाचा अर्ज नसला तर मान वर करत नाय." हे वाक्य पुढे मी विद्यार्थ्यांपुढच्या दोन व्याख्यानांत वापरलं आणि दोन्ही वेळा स्वतःचं म्हणून खपवलं.

ही खोबण म्हणजे माझ्या कामाचा जीव. एन्झाइम ही मुळात एक लांबलचक साखळी असते. ती गुंडाळून तिचा गोळा होतो, पण कसाही नाही. दर वेळी त्याच घड्या, त्याच जागी. त्या घड्यांमुळे खोबण तयार होते आणि सगळं काम त्या खोबणीत चालतं. आम्ही संगणकावर तो गोळा फिरवून फिरवून बघतो, साखळीतली एखादी कडी बदलतो आणि मग खरोखर तसं प्रथिन बनवून ते आपलं ऐकतंय का ते पाहतो. बहुतेक वेळा ऐकत नाही.

आमच्या एन्झाइमचं दुखणं असं, की ते प्रथिनं कापतं आणि स्वतःही प्रथिनच आहे. घडी जरा सैल पडली की शेजारचा भाऊ त्यालाच कापायला घेतो. सकाळी भरलेली नळी दुपारी डबा खाऊन परत येईस्तोवर निम्मी मेलेली. इतकी भाऊबंदकी मी जमिनीच्या वाटणीतही पाहिलेली नाही. घडी सैल पडू नये म्हणून निसर्गाने तिथे कॅल्शियमचा एक कण पाचरीसारखा ठोकून ठेवला आहे. पण कपडे धुण्याच्या पावडरीचं एक कामच मुळी पाण्यातलं कॅल्शियम पकडून ठेवायचं. पाचर निघाली की एन्झाइम खलास.

माझी युक्ती अशी, की पाचर धरणारा साखळीचा तुकडाच कापून टाकायचा आणि टोकं अशी शिवायची, की पाचरीची गरजच उरू नये. तीन वर्षं मी हे शिवणकाम करत होते. बारा नमुने वाया गेले. माझी नेमणूक कराराची. महिनाअखेरीला तज्ज्ञांची समिती बसणार होती आणि पाचरीवाचून जगणारं एन्झाइम तिला दाखवलं नाही तर प्रकल्प बंद आणि मीही बंद. या तीन वर्षांत माझ्या वाटचा स्वयंपाक सासूबाईंनी केला होता, आणि वर बागेचं बघून. एवढ्यावर मी रिकाम्या हाताने घरी बसले असते तर त्या काही बोलल्या नसत्या, आणि मला त्याचीच जास्त भीती होती.

तेरावा नमुना एका शुक्रवारी तयार झाला. शनिवार-रविवार प्रयोगशाळा दुरुस्तीसाठी बंद राहणार होती. शहाण्या माणसाने सोमवारची वाट पाहिली असती. मी थर्मासमध्ये बर्फ भरला, गारठ्यात ही भाऊबंदकी थंडावते म्हणून त्यात नमुन्याची नळी ठेवली, चाचणीची कापडं पिशवीत घातली आणि घरी आणली. या कापडांवर दूध, रक्त आणि काजळी यांचा डाग मुद्दाम पाडलेला असतो. आमच्या धंद्यात डागही विकत मिळतो, हे ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता.

रविवारी सकाळी विहिरीजवळ दोन बादल्या मांडल्या. दोन्हींत सारखं पाणी, सारखी पावडर. एकीत एन्झाइम, दुसरीत नाही. अर्धा तास कापड नुसतं फिरवायचं, घासायचं नाही. एन्झाइमविनाची बादली मी घेतली आणि एन्झाइमची सासूबाईंना दिली. अर्ध्या तासाने माझं कापड होतं तसंच काळं आणि त्यांचं जवळजवळ पांढरं! मी विहिरीभोवती अक्षरशः नाचले. सासूबाई म्हणाल्या, "पडशील आत." मी तिथूनच सरांना, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, फोन लावला आणि सांगितलं, सर, झालं!

सर कडक आहेत, पण भोळे आहेत. त्यांनी त्याच दिवशी समितीच्या अध्यक्षांना कळवून टाकलं.

सोमवारी सर स्वतः माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. शुद्ध पाणी, ठरलेली पावडर, तेरावा नमुना. अर्ध्या तासाने कापड काळंच. मंगळवारी पुन्हा केलं, पुन्हा काळं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि हळूच विचारलं, "मग रविवारी नेमकं काय झालं?" मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "सर, ती बादली सासूबाईंकडे होती. त्यांनी घासलं असणार. हातची सवय हो, आणि माझ्यावरची मायाही." सर म्हणाले, "अच्छा." टेबलाशी उभ्या असलेल्या माझ्या दोन मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, सासवा असंच करतात." आणि मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी तोफ डागली. "आई, खरं सांगा, कापड घासलंत ना तुम्ही?" त्या लसूण सोलत होत्या. "नाय." "मग पांढरं कसं झालं?" "ते तुला ठावं. किडे तुझे." मी म्हटलं, "म्हणजे चमत्कार झाला का? माझी तीन वर्षं पाण्यात गेली आणि तुम्ही सरळ सांगत नाही." त्या उठल्या, लसणाची ताटली ओट्यावर ठेवली आणि आपल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन गोष्टी बंद केल्या, माझ्याशी बोलणं आणि स्वयंपाक.

चार दिवस मी रांधत होते आणि नवरा मुकाट्याने जेवत होता. आई आणि बायकोच्या मधला माणूस जसा जेवतो, तसा. शनिवारी मी डाळ लावली. नेहमीपेक्षा तीन शिट्ट्या जास्त दिल्या, तरी डाळ टणक. नवरा ती चण्यासारखी चावत राहिला. सासूबाईंनी एक घास घेतला, ताट बाजूला सारलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "विहिरीच्या पान्यात शिजवलीस? अकरा वरसं झाली तुला या घरात. आपल्या विहिरीच्या पान्यात डाळ शिजते का कधी?"

नाही शिजत. अकरा वर्षं मला हे माहीत होतं. आमच्याकडे डाळीचं पाणी वेगळं असतं, नळाचं, झाकून ठेवलेल्या कळशीत. विहिरीचं पाणी जड, त्यात चुना फार. पातेल्यांच्या बुडाला पांढरा थर धरतो. आणि चुना म्हणजे काय? कॅल्शियम! ज्या कॅल्शियमला हुसकून लावण्यात मी तीन वर्षं घालवली, तेच मी रविवारी बादलीभर ओतलं होतं. पावडर धरून धरून किती धरणार? तिला पुरून वर उरेल इतकं ते त्या पाण्यात होतं. हातातला घास हातात ठेवून मी उठले आणि "आई, बादल्या!" म्हणून ओरडले.

घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलेल्या नळीत थोडं एन्झाइम शिल्लक होतं, कापडंही होती. या वेळी दोन्ही बादल्यांत एन्झाइम, पण एकीत विहिरीचं पाणी आणि एकीत नळाचं. मी सासूबाईंना म्हटलं, एक बादली तुम्ही घ्या. त्यांनी विहिरीच्या कट्ट्यावर बसकण मारली, दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि म्हणाल्या, "मी शिवनार नाय. उद्या परत म्हनशील, घासलं." ते मला लागलं. लागायलाच हवं होतं. विहिरीच्या पाण्याची बादली नवऱ्याला दिली. त्याने जन्मात कपडा धुतला नव्हता, त्यामुळे माया करून घासण्याचा प्रश्नच नव्हता.

अर्ध्या तासाने नवऱ्याच्या हातातलं कापड पांढरं निघालं आणि माझ्या हातातलं, नळाच्या पाण्यातलं, काळंकुट्ट. मी दोन्ही कापडं दोन हातांत धरून उभी राहिले. सासूबाई निर्दोष होत्या. आणि माझं एन्झाइम पाचरीवाचून जगत नव्हतं, म्हणजे ज्यासाठी ते बनवलं तेवढंच त्याला जमत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी सिद्ध झालं होतं. मला रडू आलं.

सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काय गं? मी घासलं नव्हतं, ते दिसलं ना आता?"

"दिसलं, आई. पण त्याचाच अर्थ असा की माझं काम फसलं. आता नोकरीचं काही खरं नाही."

त्यांनी पदरातून हात बाहेर काढले. "मग नको सांगू हे. सरांना सांग, म्हातारीनं घासलं. माझं काय जातंय?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. ज्या आरोपापायी त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या, तोच त्या माझ्या नोकरीसाठी आपणहून अंगावर घ्यायला निघाल्या होत्या. आणि मी तो मंगळवारीच त्यांच्या माघारी त्यांच्या अंगावर टाकून मोकळी झाले होते. आता मी नुसती गप्प बसले असते तरी रविवारच्या खोट्या बातमीचं खापर त्यांच्यावरच राहिलं असतं आणि प्रयोगशाळेतलं अपयश एका बिघडलेल्या नळीवर ढकलता आलं असतं. खोटं सांगत नाही, एक क्षण मोह झालाही.

मी तिथेच, त्यांच्यासमोर, सरांना फोन लावला. "सर, मंगळवारी मी म्हटलं की सासूबाईंनी कापड घासलं. त्यांनी घासलं नव्हतं. आमच्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आहे आणि एन्झाइमला ते अजून लागतंय. दोष माझ्या रचनेत आहे." सर म्हणाले, "पण ते बसतंय कुठे? जागा तर तुम्ही कापून टाकलीत." मी म्हटलं, दुसरी एखादी जागा असेल, बहुधा शिवलेल्या टोकाजवळ. "शोधा. आणि समितीला हे तुम्हीच सांगा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढे समितीने ती जागा दुरुस्त करायला चार महिने दिले, पण त्या दुपारी मला ते माहीत नव्हतं.

मी फोन खाली ठेवला तेव्हा सासूबाई माझ्याकडे रोखून पाहत होत्या. नोकरीचं विचारतील असं मला वाटलं.

"सरांनापन सांगितलेलंस, मी घासलं म्हनून?"

"हो आई. चुकलं माझं."

"आनि कोनाला?"

मी मान खाली घातली. "दोन मैत्रिणींना."

"लाव फोन," त्या म्हणाल्या.

मी लावला. पहिलीला सगळं सांगितलं, मग दुसरीला. सासूबाई शेजारी बसून एकेक शब्द ऐकत होत्या. दुसऱ्या फोनवर 'सासूबाईंचा काही दोष नाही' म्हणताना माझा आवाज जरा खाली गेला, तर त्यांनी मला कोपराने ढोसलं. "जोरात बोल. ऐकू नाय गेलं तिला."