पिनबॉलचा उतार

मंडळी, आज राहनाळच्या आमच्या कंपनीच्या गोदामात दोन जुनी मशीनं उतरली, एक व्हिडिओ गेम आणि एक पिनबॉल, म्हणजे उतरत्या टेबलावर लोखंडी गोळी खेळवायचा खेळ. जुळवायला अप्पांना, म्हणजे वडिलांना, नेलं. त्यांचा जन्म कापडाचे लूम अगदी सपाटीत बसवण्यात गेला.

सवयीने त्यांनी पुढच्या पायांखाली लाकडी चिपा सारून पिनबॉल अगदी लेव्हलला आणला. लोखंडी गोळी जागची हलेना.

चिपा काढल्या तशी गोळी घरंगळली. अप्पांच्या चष्म्यावर रंगीत दिवे तरंगत राहिले.

मी म्हटलं, "व्हिडिओ गेम बनवणारे उस्ताद गेममधली प्रत्येक चाल आधीच लिहून ठेवतात."

"मग पिनबॉल बनवणारा मोठा," अप्पा माझ्याकडे बघत हळूच म्हणाले. "उतार दिला नि गोळी सोडून दिली. मला न्हाय जमलं कधी."

नोकरी सोडून मला गेम बनवायचेत, हे त्यांना अजून माहीत नाही. आज सांगू का?