सामाईक डबा

सयाजीला आयुष्यात एकदा तरी पहिला नंबर काढायचा होता. शाळेत ते जमलं नाही. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला चिकटला, तर तिथं पहिला नंबर साहेबांच्या भाच्याचा. उरला होता तो डब्यांचा खेळ.

खेळ असा, की कुणीतरी कुठंतरी एक डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. बाकीच्यांनी मोबाईल घेऊन जायचं, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि डबा होता तिथं ठेवून घरी यायचं. बक्षीस काही नाही. ‘मग जाता कशाला?’ असं त्याची बायको सायली चिखलीच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी विचारी. तोवर हा जिना उतरलेला असे. त्यातही सयाजीचा जीव कोड्याच्या डब्यांत. तिथं जागा सरळ सांगत नाहीत, कोडं सुटलं तरच आकडे हाती लागतात.

कोड्यांत मात्र गडी तयार होता. कॅन्टीनमध्ये कुणी विचारो न विचारो, हा सांगणारच. आधी नाव वाचा, अर्धं उत्तर नावात असतं. मग कोडं टाकणारा कसला माणूस आहे ते बघा. आपल्या भागातले आकडे अठरा आणि त्र्याहत्तरनं सुरू होणार, तेव्हा ते दोन आधी शोधा. फार डोकं लढवण्याआधी नुसतं मोजून पाहा. आणि उत्तर आलं की नकाशावर टाका, जागा इंद्रायणीच्या पात्रात निघाली तर गाडीला किक मारू नका. ही शेवटची अक्कल त्याला गुडघाभर पाण्यात उभं राहून आली होती.

एवढं करून प्रत्येक डब्यात त्याच्या आधी एक सही हजर: ‘रानमांजर’. हे रानमांजर कोण, बाई का बाप्या, ते ठाऊक नव्हतं. सयाजी त्याच्यावर मनापासून जळायचा.

शनिवारी नवं कोडं आलं. नाव ‘जागच्या जागी’. फोटोत वर्कशॉपमधला हत्यारांचा फळा: पाने, पक्कड, हातोड्या, प्रत्येकाच्या मागं रंगवलेला आकार. सयाजीनं दुपारभर हत्यारं मोजली. काही जुळेना. मग त्याला आपला सुपरवायझर आठवला. तो फळ्यावरच्या हत्यारांकडं कधी बघत नाही, रिकाम्या जागा बघून ओरडतो. सयाजीनं रिकाम्या जागा मोजल्या. पहिल्या ओळीत एक, दुसरीत आठ. अठरा! तो खुर्चीतून उडालाच.

पुढचे आकडे भराभर पडले. जागा नकाशावर टाकली आणि त्याचा चेहरा उतरला. तीनदा मोजलं, तीनदा तेच. डबा त्याच्याच गावाकडच्या शेताच्या बांधावर, बाभळीपाशी निघाला.

बांधाच्या अलीकडं सयाजीचं रान, पलीकडं चुलत्याचं, आबाजींचं. बांध कुणी कोरला यावरून सयाजीचे वडील असल्यापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. लग्नपत्रिकासुद्धा पोस्टानं जायच्या. दुसरा डबा असता तर सयाजीनं नाद सोडला असता. पण ॲपवर इथं अजून कुणाची सही दिसत नव्हती.

रविवारी उजाडताच तो बांधावर हजर. कुणाला दिसायचं नाही हा खेळाचा नियम, म्हणून वाकून चालत होता. मोबाईल पुढं धरून चार पावलं जायचं, थांबायचं, मागं यायचं. गोठ्यातून आबाजी हे बघत होते.

“मोबाईलवर मोजणी आणलीस व्हय रं?” आबाजी गरजले. “कुलदीप! पळ, बांध सरकवतोय ह्यो!”

कुलदीप, म्हणजे आबाजींचा पोरगा, सयाजीहून वर्षानं मोठा, तोंडात ब्रश घेऊन धावला. मागून चुलती, अंबुबाई. सयाजीनं घाम पुसत सगळा खेळ समजावला.

“आमच्या बांधावर डबा? आमाला न विचारता?” आबाजी म्हणाले.

“आमचा बी बांध हाय, आबा.”

“ह्यो डबा व्हय?” अंबुबाईंनी बाभळीच्या ढोलीत हात घातला. “कंपनीतलं कुणी इसरलं आसंल म्हणून म्या ठिवला व्हता तसाच.”

सयाजीनं झाकण उघडलं. आत कागद होता आणि तो कोरा होता. रानमांजर नव्हतं! डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. त्यानं पेन काढलं आणि आबाजींनी मनगट धरलं.

“बांधावरच्या कागदावर एकट्यानं सही? उद्या म्हणशील, बांध माझाच. आधी वडीलकीची सही. आन् वर लिव्ह, डबा सामाईक.”

सयाजीनं लिहिलं. आबाजींनी सावकाश सही केली, अंबुबाईंनी आपलं नाव एकेक अक्षर करून काढलं, कुलदीपनं सहीखाली ‘साक्षीदार’ लिहिलं. चौथी सही सयाजीची. त्याच्या खिशात दुसरा कोरा कागद होता. बदलला असता तर कुणाला कळलंही नसतं, आणि हात खिशापर्यंत गेलाही. पण दोन्ही घरांच्या सह्या एका कागदावर त्यानं जन्मात पाहिल्या नव्हत्या. त्यानं हात तसाच बाहेर काढला.

“च्या घेऊन जा,” अंबुबाई म्हणाल्या.

कपबशा आल्या तेवढ्यात बांधापाशी एक स्कूटर थांबली. हेल्मेट काढत एक तरुणी मोबाईल बघत बाभळीकडं आली. तिनंच हसून सांगितलं, ती तनुजा, खेळात नाव रानमांजर.

“ही कुणाच्या हिश्श्याची?” आबाजींनी विचारलं.

तनुजानं डबा उघडला आणि सह्या वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. “आज मी पाचवी? आणि कोडं तुम्ही सोडवलं ना? मग तुम्ही चौथे कसे?”

सयाजीनं बशीत चहा ओतला आणि आबाजींच्या पुढं सरकवला.

“घरात मी धाकटा आहे,” तो म्हणाला.