हिराच्या सूचनेवरचा शेरा

परंदवडीजवळच्या एका कारखान्यात हिरा गायकवाड चौदा वर्षं पॅकिंगला आहे. वय सत्तेचाळीस, शिक्षण दहावी. गेल्या वर्षी गोदामाच्या वळणावर मालाची फोर्कलिफ्ट तिच्या अंगावर येता येता राहिली. तिथं समोरचं दिसतच नाही. हिरानं घरी बसून त्या वळणाचं चित्र काढलं. गाडी पिवळी, बायका लाल, कोपऱ्यात गोल आरसा. कागद सूचना पेटीत टाकला.

आठ दिवसांनी तो परत आला. खाली नव्या मॅनेजरनं एकच इंग्रजी शब्द लिहिला होता. हिरानं अक्षरं जुळवून वाचला. प्युराइल.

अर्थ लागेना. हातातली खोकी उलटी चिकटायला लागली. जेवणाच्या सुट्टीत तिनं फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या युनूसभाईंना विचारलं.

"प्युअर म्हंजे शुद्ध. चांगलंच लिवलं असंल."

चांगलं असतं तर कागद परत कशाला आला असता? घरी पोचताच तिनं कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला, चैतालीला, गाठलं. मोबाइलवर अर्थ बघून चैतालीनं फोन पालथा ठेवला.

"सांग की."

"पोरकट."

"मंजी लहान पोरावानी?"

"लहान पोराला हे कुणी म्हणत नाही, आई. मोठं माणूस बालिश वागलं की त्याला कमी लेखायला म्हणतात. निरागस वेगळं, हे वेगळं."

हिरा उठली, बसली, पुन्हा उठली. "रंग भरले म्हनून व्हय?" चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

सकाळी ती थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. तिशीतला माणूस.

"साहेब, शब्दाचा अर्थ कळला. चूक कुटं हाय ते सांगा."

"मावशी, सूचना लिहून द्यायची असते. चित्र कसलं काढता?"

"मग वळणच बघा. चला."

घड्याळ बघत तो आला. बायका जातात त्याच कडेला हिरानं त्याला उभं केलं. तेवढ्यात युनूसभाईंची गाडी वळली. ब्रेक करकचून लागला. हातभर अंतरावर. मॅनेजर भिंतीला चिकटला होता.

"रोज असं होतं?"

"रोज."

तीन आठवड्यांत आरसा बसला. हिरा कागद घेऊन पुन्हा गेली. "आता त्यो शब्द खोडा, साहेब."

"आरसा लागला ना मावशी? झालं मग," म्हणत त्यानं फोन उचलला. कागदाची घडी घालून ती कामावर परतली.

दोन महिने झाले. घरात विषय निघाला की हिराच्या येरझाऱ्या सुरू होतात.

"जाऊ दे ना आई," चैताली म्हणते.

"आरसा झाला, लय बरं झालं. पर आपलं चुकलं, एवढं म्हनायला मानसाला काय हुतं?"