कचेरीच्या फरशीवर राधा

"राधाबाई, एक गिरकी होऊन जाऊ दे. मग बघतो तुमच्या म्हातारीचं."

साहेब हसत म्हणाला. आवाज मऊ. या माणसाचा आवाज कधी चढत नाही, त्याला चढवावाच लागत नाही. तहसील कचेरीतल्या त्याच्या टेबलासमोर मी उभा. माझ्या डाव्या अंगाला काकी. मागं दाराशी दहाबारा माणसं, हातात पिशव्या, पिशव्यांत कागद. मी बावन्न वर्षांचा बाप्या, मिशीला कलप लावलेला, पायात रबरी सँडल.

आणि मी गिरकी घेतली.

नुसती घेतली नाही. झकास घेतली. पदर नव्हता, तर गळ्यातल्या रुमालाचा पदर केला. तो दातात धरला, कंबर मोडली, मान वळवून लाजलो. कचेरी फुटली हसून. कारकुनानं मोबाईल वर धरला. साहेबानं टेबलावर दोन बोटांनी ताल दिला, तोही चुकीचा. मी त्या चुकीच्या तालाला धरून दुसरी गिरकी घेतली.

"वा," साहेब म्हणाला. "सोमवारी या."

फाईल उघडलीसुद्धा नाही.

त्या फाईलचं आधी सांगतो. काकी म्हणजे माझी नात्यातली कुणी नव्हे, पण तिला सगळे काकीच म्हणतात. आतल्या गावातली. नवरा मुंबईत नोकरीला होता, तिथंच वारला. मूलबाळ नाही. सारा जन्म काजूच्या कारखान्यात बिया फोडण्यात गेला. काजूच्या टरफलात चीक असतो, तो कातडी जाळतो. राख लावा, तेल लावा, जळायचं ते जळतंच. काकीची बोटं आता गुळगुळीत आहेत, नदीतल्या गोट्यांसारखी. त्यांवर रेषा नाही. आणि तिची निराधार पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा मशीनवर अंगठा ठेवून सिद्ध करावं लागतं, की ही बाई जिवंत आहे आणि हीच ती बाई. मशीन म्हणतं, जुळत नाही. पेन्शन बंद. काम करून अंगठा गेला, आणि अंगठा गेला म्हणून कामाचे दिवस संपल्यावरचा घास गेला.

मी ज्या केंद्रात काम करतो तिथं अशी माणसं येतात. रत्नागिरीत, एसटी स्टँडापासून पाच मिनिटं, झेरॉक्सच्या दुकानामागची एक खोली. कुणाची पेन्शन अडलेली, कुणाचा कामगार विमा, कुणाचं रेशन. फी नाही. एक वकीलताई, तिशीतली, आणि एक मी. मी वकील नाही. मी लोट्याच्या केमिकल कारखान्यात एका ठेकेदाराकडे होतो. हातावर ॲसिड उडालं तेव्हा ठेकेदार म्हणाला, हा आमचा माणूसच नाही. मी त्याचाच माणूस असल्याचे कागद ताईंनी शोधून काढले. केस संपली, मी मात्र खोलीतून हललो नाही.

कायदा ताईंचा. तालीम माझी.

हो, तालीम. घरी धडाधडा बोलणारी बाई साहेबापुढं गेली की पदराचं टोक पिळत बसते. म्हणून मी ही युक्ती काढली. कचेरीत जायच्या आधी खोलीत सराव करायचा. मी साहेब व्हायचो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फोन कानाला, दुसरा हात माशी हाकलल्यासारखा. हुबेहूब! लोक पोट धरून हसायचे, आणि हसता हसता मी शिकवायचो. चप्पल दाराबाहेर काढायची. मान खाली. आवाज त्याहून खाली. "साहेब, तुम्हीच मायबाप." चांगली साडी नेसून जायचं नाही. खोकला असेल तर साहेबासमोरच खोकायचं. डोळ्याला पाणी आलं तर पुसायचं नाही, वाहू द्यायचं.

ताई म्हणायच्या, "काका, हे भीक मागायला शिकवणं झालं. आपण हक्काचं मागतोय ना?"

मी म्हणायचो, "ताई, तुमचा हक्क पुस्तकात आहे. माझा साहेब खुर्चीत बसलाय."

आणि सह्या मिळायच्या. ताईंनाही सह्या हव्याच होत्या, त्या गप्प बसायच्या. मी हवेत.

साहेबाकडे मी स्वतः गेलो की वेगळा खेळ. त्याला किस्से सांगायचे, नकला करायच्या. साहेब हसला की फाईल सरकते, हा माझा शोध. अशाच एका किश्शात मी त्याला आमच्या वाडीच्या नमनाचं सांगितलं. शिमग्यात नमनाचा खेळ उभा राहतो, त्यात बायांची कामं बाप्येच करतात, आणि राधा कितीतरी वर्षं मीच आहे. घुंगरू बांधायच्या आधी ते कपाळाला लावायचे, मग ग्रामदेवतेपुढं गात पाऊल टाकायचं. हे सगळं मीच सांगितलं. फुशारकीनं. त्यानं एवढंच लक्षात ठेवलं, की हा माणूस सांगितल्यावर बाई होतो.

त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना काकी पुढं होती. खाली पोचली आणि वळली.

"कोणी सांगितला तुला नाचायला?"

"अगं काकी, तुझ्याच कामासाठी..."

"मी सांगितला?"

"नाही, पण..."

तिनं दोन्ही हात माझ्या तोंडापुढं धरले. "बाबू, माजं आंगठं झिजलं. नाक नाय झिजला."

एसटी येईस्तोवर ती माझ्याकडे पाठ करून उभी होती.

कारकुनाचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत कुठून कुठं फिरला कोण जाणे, आमच्या नमनाच्या ग्रुपवर येऊन पडला. पोरांनी हसरे चेहरे टाकले. मग मृदंगवाल्या आण्णांचा आवाज आला. म्हातारा टाईप करत नाही, बोलतो. "राधा देवाची रे. कचेरीची कधीपासून झाली?"

एवढंच. पुढं कुणी हसला नाही.

राग यायला मला दोन दिवस लागले. लाज लवकर येते, राग उशिरा येतो, आम्हाला तशी सवयच लावलेली आहे. माझे वडीलही राधा करायचे. आमचं नमन बड्या लोकांच्या अंगणात जायचं. ते वर ओटीवर बसायचे आणि नाणी खाली फेकायचे. हातात कधी कुणी दिली नाहीत. वडील ती नाणी गिरक्या घेत घेत वेचायचे, म्हणजे वाकणं दिसू नये. लहानपणी मला वाटायचं, काय हुशार माझा बापूस! ती हुशारी मी उचलली. वाकायचं आणि त्याला कला म्हणायचं. आणि पुढं मी काय केलं? हक्काचं म्हणवणाऱ्या केंद्रात बसून, तेच वाकणं आयाबायांना शिकवलं. साहेबानं मला एकदा नाचवलं. मी किती जणांना नाचायला पाठवलं?



गुरुवारी काकी केंद्रात आली. मला वाटलं, कागद परत मागणार.

"कर तुजा साहेब," ती म्हणाली.

मी टेबलामागं बसलो. चष्मा खाली ओढला. काकी उभी राहिली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"माजी खुर्ची कुठाय?"

खुर्ची नव्हती. इतक्या वर्षांच्या तालमीत समोरच्या माणसाला खुर्ची मी कधी ठेवलीच नव्हती. कचेरीत मिळत नाही, म्हणून आमच्या खोलीतही नाही. साहेबाची नक्कल मी इतकी तंतोतंत केली होती.

काकी बाहेर गेली. झेरॉक्सवाल्याचं स्टूल ओढत घेऊन आली. बसली. "हां. आता बोल."

"अंगठा जुळत नाही बाई," मी साहेबाच्या मऊ आवाजात म्हणालो. "मी तरी काय करणार?"

"नाय जुळत तर लिहून दे."

"काय?"

"पेन्शन का देत नाय, ता लिहून दे. खाली तुजा नाव घाल."

रडणाऱ्या बाईला काय उत्तर द्यायचं ते माझ्या साहेबाला पाठ होतं. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला काय म्हणायचं तेही. याला उत्तर नव्हतं. मी साहेबाचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ताई उठून उभ्या राहिल्या. "काका, हेच मी म्हणत होते! अंगठा उठला नाही तर मशीनवर डोळे दाखवून ओळख पटवायची सोय आहे, नाहीतर अधिकाऱ्यानं माणूस स्वतः समोर पाहून खात्री करायची. त्यातलं काही करत नसेल तर कारण लिहून द्यायला लागतं त्याला."

त्यांनी काकीचा अर्ज एका पानात बसवला. मी म्हटलं, "ताई, अजून एक लिहा. माझा."

"कसला?"

"मला नाचवल्याचा. वरच्या साहेबाकडे."

"काका, त्यात लिहावं लागेल, की तुम्ही नाचलात."

"लिहा."

सोमवारी आम्ही तिघं गेलो. काकीनं इस्त्रीची साडी नेसलेली.

"आल्या का राधाबाई!" साहेब खुशीत. "आज काय, गवळण?"

त्याच्या टेबलासमोर एक खुर्ची कायम असते. तिच्यावर कायम त्याची बॅग असते. मी ती बॅग उचलली, खाली फरशीवर ठेवली.

"काकी, बस तू."

काकी बसली.

"ए! बॅग कुणी हलवली?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. मागच्या वेळी तुम्ही सांगितलं तसं केलं. ते चुकलं माझं."

कारकुनाचा हात मोबाईलकडे गेला. ताई त्याला म्हणाल्या, "घ्या, आज जरूर घ्या." त्यानं हात मागं घेतला.

काकीनं अर्ज टेबलावर सरकवला. "ह्याची पोच द्या."

साहेबानं अर्ज वाचला. कानशिलं लाल झाली, पण आवाज मऊच. "आजी, तुमच्यासारख्या कितीतरी लोकांवर मी मेहेरबानी करतो. माहीत आहे ना?"

"मेहेरबानी लिहून द्या," काकी म्हणाली.

मागं कुणी हसलं नाही. दाराशी एक बाई अनवाणी उभी होती, माझीच शिकवलेली. ती मुकाट्यानं बाहेर गेली आणि चपला घालून आत आली. हे मी पाहिलं. साहेबानंही पाहिलं.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही हललो नाही. शेवटी कारकुनानं आमच्या प्रतीवर शिक्का मारला. हातात पडला तो एवढाच. शिक्का.

माझी तक्रार ताईंनी त्याच दुपारी वरच्या कचेरीत दिली. पंधरवड्यानं तो कारकून केंद्रात आला. वकीलताई कोर्टात होत्या. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, मग मुद्द्यावर आला. "साहेब म्हणतात, तुमची ती तक्रार मागं घ्या. म्हातारीचं उद्याच करून देतो. व्हिडिओ पण उडवतो मी. कशाला वाढवता? थट्टाच केली ना?"

उद्या कळवतो म्हणून मी त्याचा नंबर घेतला. खरं सांगतो, मागं घ्यावीशी वाटली मला. माझी इज्जत एकीकडे, काकीचा घास दुसरीकडे. तिला साखरेच्या दुखण्याच्या गोळ्या लागतात, पुरवायला अर्ध्या तोडून खाते. माझ्या अब्रूसाठी तिनं का थांबावं?

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वाडीत गेलो. ती पडवीत तांदूळ निवडत होती. एकही नक्कल न करता सगळं सांगितलं. ती खडे बाजूला टाकत राहिली.

"उद्याच करून देतो बोलला?"

"हो."

"म्हणजे त्याला करता येत व्हता. एवढे महिने."

तिनं आणखी एक खडा बाजूला टाकला.

"पेन्शन माजी हाय. तक्रार तुजी हाय. ह्या दोघींची गाठ त्यानं मारल्यान. तू ती गाठ पक्की करायला इकडे आलास?"

"काकी, गोळ्या..."

"गोळ्यांचा मी बघतंय. तू मागं घेतलास ना, तर माजी पेन्शन परत तुज्या नाचण्याची होईल. मला ती नको."

कारकुनाला मी तिथूनच फोन लावला. पडवीतूनच, तिच्यासमोर. "मागं घेत नाही," म्हणालो आणि ठेवला.

काकीची पेन्शन अजून चालू झालेली नाही. गोड शेवट नाही माझ्याकडे. साहेबाचं लेखी उत्तर आलं, एका ओळीचं, "अंगठा जुळत नसल्याने", खाली त्याची सही. तीच सही घेऊन ताईंनी वर अपील केलंय. माझ्या तक्रारीची सुनावणी दोनदा पुढं ढकलली गेली. एकदा साहेब रजेवर, एकदा फाईल सापडेना. मला दोन ठिकाणांहून निरोप आले, की या वयात कशाला, पोरं हसतील. हसू देत. ढकलू देत तिसऱ्यांदा. मी प्रत्येक तारखेला जाणार.

कधीतरी ते मला उभं करतील आणि विचारतील, तुम्ही त्या दिवशी कचेरीत नाचलात का? हो, म्हणेन. गिरक्या किती? दोन. कुणी जबरदस्ती केली का? हात कुणी धरला नव्हता, म्हणेन; काकीची फाईल धरली होती. मग ते विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून?

तेव्हा मी त्याचं नाव घेणार. पूर्ण नाव, हुद्द्यासकट. आयुष्यभर मी माईकशिवाय उघड्या माळावर गायलोय. माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो.