माणसं आधी, गुणोत्तर नंतर

फोन आला तेव्हा मी नागपुरात ऑफिसात होते. "तुमचे दादा गेले, सुषमाबाई," एवढंच बोलून वहिनीनं फोन ठेवला... त्याला आता महिना होत आला. मनोहरदादा माझ्या मावशीचा मुलगा, सावरगावचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी आधी तो चढला, मग मी. हे सांगताना आजही मान ताठ होते. संख्याशास्त्र शिकून तो औषधांच्या चाचण्यांचे आकडे मांडायच्या कामाला लागला आणि मागून मलाही त्यानंच त्यात ओढलं.

काम असं, की औषध घेतलेले एका बाजूला, न घेतलेले दुसऱ्या बाजूला, आणि दर महिन्याच्या ओळीत तोवर एकूण किती दगावले ते लिहायचं. शेवटी दोन्ही बाजूंच्या मृत्यूदरांचं एक गुणोत्तर येतं. ते एकापेक्षा कमी असलं तर औषधाची बाजू बरी. कॉम्प्युटर ते गुणोत्तर सगळ्यात आधी दाखवतो. दादा ते उचलून तक्त्याच्या पार टोकाला टाकायचा. "आधी माणसं दाखव, मंग गुणोत्तर." नवी असताना मी त्या एकूण मृत्यूंच्या रकान्याची खाली परत बेरीज मारली होती. दादा खुर्चीतच हसत सुटला. "अवं सुषमे, तो बिचारा एकदाच मेला न! तू त्याले दर ओळीत मारून राहिली." अख्खं ऑफिस हसलं. मीही हसले.

मग त्याच्याच पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी एक नवं औषध सुचवलं, त्रास फार, गुण येईलच असं नाही. दादाला ते नको होतं. उरलेले दिवस त्याला घरात, शुद्धीवर, माणसांशी बोलत काढायचे होते. वहिनीला औषध हवंच होतं. त्यानं त्या औषधाच्या चाचणीचा तक्ता छापून घेतला आणि मला बोलावलं. "तू सांग हिले. माह्यं ऐकून नाही राहिली."

मी सांगितलं. गुणोत्तर एकापेक्षा जरासं कमी आहे, पण अंदाजाची हद्द एक या आकड्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे. फायदा असेलही, नसेलही.

"असंल म्हणता न? मंग झालं तं!" वहिनी म्हणाली.

दादानं तक्त्याची घडी घालून तो उशीखाली सारला. "आण मंग. हिचं मन राहू दे."

त्या औषधानं त्याचं तोंड सोललं, जेवण सुटलं, बोलणं तुटलं. जे दिवस त्याला हवे होते, नेमके तेच गेले. तक्ता मी पुन्हा तपासला. चूक नव्हती. चूक सापडली असती तर निदान कोणावर तरी रागावता आलं असतं.

सावरगावच्या घरी दादाच्या स्मरणाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांढुर्ण्याच्या स्टेशनकडे निघाले, तेव्हा वहिनीनं मला आतल्या खोलीत नेलं. दादाची खाट तिनं अजून हलवलेली नाही. उशीखालून तिनं तोच कागद काढला.

"यात हे कुठं हायेत?"

"ते यात नाहीत वहिनी. हे आधीचे, दुसरे लोक."

"यायच्याही घरच्यायनं घ्याच म्हटलं असंल..." तिनं औषधवाल्या रकान्यावर बोट ठेवलं आणि एकेक ओळ खाली नेलं. "हा आकडा कुठंच कमी होत नाही का जी?"

मी नाही म्हटलं. बोट शेवटच्या ओळीवर आलं, आणि तिथं न थांबता खालच्या कोऱ्या कागदावरून तसंच सरकत राहिलं.